बेगडेवाडीचा डोंगर आणि मावळातील दानलेख

पुणे-लोणावळा लोहमार्गावर देहूरोड मागे टाकल्यावर बेगडेवाडी हे लहानसे स्थानक लागते. त्याच्या पुढचे घोरावाडी, आणि त्यानंतर तळेगाव. मुंबईकडे धावणाऱ्या मोठ्या गाड्या येथे थांबत नाहीत. थांबते ती केवळ लोकल. स्थानकाच्या जवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून एक डोंगर उभा आहे. लोक त्याला घोरावडेश्वराचा किंवा घोराडेश्वराचा डोंगर म्हणतात. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत येथील लेण्यांची नोंद शेलारवाडी किंवा गारोडी या नावाने सापडते. कार्ल्याला दरवर्षी हजारो लोक जातात, भाज्याला पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. परंतु बेगडेवाडीला उतरून लेणी पाहण्यासाठी डोंगर चढणारे उपासक-उपासिका फार थोडे. मावळातील बौद्ध लेण्यांचा अभ्यास ज्यांना करावयाचा आहे त्यांनी प्रारंभ कार्ल्यापासून न करता या दुर्लक्षित डोंगरापासून करावा, असे सुचविण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह पाहणाऱ्याचे डोळे दिपवते, आणि डोळे दिपले की वाचन थांबते. ३७ मीटरांहून अधिक लांबीचे ते दालन, हत्तींवर आरूढ स्त्री-पुरुषांच्या जोड्या मिरविणारे खांब, दारापुढचा सिंहस्तंभ, हे सारे पाहून सामान्य मनुष्य एवढेच म्हणतो की हे कोण्या राजाने बांधले असावे. आपल्या मुलांनाही आपण तेच सांगतो. प्रत्यक्षात कार्ल्याच्या भिंती आणि खांब दात्यांच्या नावांनी भरलेले आहेत व त्यांपैकी बहुसंख्य नावे राजांची नाहीत. बेगडेवाडीच्या डोंगरावर दिपून जावे असे शिल्प नाही. काही खोल्या, पाण्याची टाकी, एक चैत्यगृह आणि काही अक्षरे, इतकेच तेथे आहे. त्यामुळे तेथे अक्षरांकडे लक्ष जाते.

त्या अक्षरांत काय आहे? एका लेखात धेनुकाकट (लेखातील रूप धेनुकाकड) येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या कुटुंबप्रमुखाच्या पत्नीचे, सिअगुतनिका हिचे दान नोंदविले आहे. तिने आपला पुत्र नंद गृहपती याच्यासह हे लेणे दिले. उसभणकास लेखात ‘हालकिय’ म्हटले आहे. ‘हल’ म्हणजे नांगर. हालकिय म्हणजे नांगरधारी, शेतकरी. त्याला ‘कुडुबिक’ आणि तिला ‘कुडुबिनी’ अशी विशेषणे आहेत. कुटुंबिक या शब्दापासून आपला ‘कुणबी’ शब्द आला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मावळच्या तोंडाशी असलेले हे लेणे एका शेतकऱ्याच्या घरातील बाईने संघाला दिलेले आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आपल्या सभा-संमेलनांतून या लेखाचा उल्लेख झालाच तर तो भावनेच्या भरात होतो. सिअगुतनिका ही भूमिहीन मजूर स्त्री नव्हती. कुडुबिक म्हणजे स्वतःची शेती व स्वतःचे घरदार असलेला गृहस्थ. तिच्या मुलास ‘गहपति’ म्हटले आहे, त्यावरूनही घराची ऐपत दिसते. खडक फोडणाऱ्या पाथरवटांना महिनोन्‌महिने पोसावयाचे तर धान्याची कणगी भरलेली असावी लागते. तिच्या दानाचे मोल त्यामुळे उणावत नाही. ज्या समाजात शेतकऱ्याची पत्नी स्वतःच्या नावाने दान देते, पतीचे नाव ओळखीपुरते सांगते आणि ते दान दगडावर कोरविले जाते, त्या समाजात स्त्रीला धम्मकार्यात कोणते स्थान होते याचा हा लेखी पुरावा आहे. तो आहे तेवढाच सांगितला तरी पुरेसा बलवान आहे.

हाच पुरावा काही कोसांवर भाज्याला पुन्हा भेटतो. तेथील एका छोट्याशा लेखात ‘हालिकजाया’ बाधा हिचे दान नोंदले आहे. हालिकजाया म्हणजे नांगरकऱ्याची बायको. भाज्याची लेणी मावळातील सर्वांत जुनी, सामान्यतः इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील मानली जातात. शेलारवाडीची त्यानंतरची, सातवाहन काळातील. एकाच इंद्रायणीच्या खोऱ्यात, पिढ्यांच्या अंतराने, दोन शेतकरी स्त्रिया भिक्षुसंघासाठी खडक कोरवितात, ही घटना योगायोगाची नाही. या खोऱ्यात भाताचे पीक येते. बोरघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा व्यापारी मार्ग या खोऱ्यातून जात होता. मार्गावर व्यापारी होते, रानात शेतकरी होते, डोंगरात भिक्षू होते; आणि वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून पुढे, भिक्षूंना एका जागी राहावयाचे असल्याने त्यांच्या निवाऱ्याची व अन्नाची जबाबदारी उपासकांनी उचलली होती.

‘लेणे’ हा शब्दच पाहा. पुष्कळांना वाटते की अंगावर ल्यावयाचे लेणे, म्हणजे दागिना, आणि डोंगरातील लेणे हे एकच. डोंगराचा दागिना म्हणून ते लेणे. कल्पना सुंदर आहे, परंतु शब्दाचा इतिहास निराळा आहे. डोंगरातील लेणे हे पाली ‘लेण’ या शब्दापासून आले. लेण म्हणजे आसरा, निवारा. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्षूंना पाच प्रकारच्या लेणांची अनुज्ञा दिल्याचे सांगितले आहे: विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. त्यांतील पहिले चार लाकूड-विटा-मातीचे असल्याने काळाच्या ओघात नष्ट झाले; आपल्या देशात उरली ती गुहा, म्हणून मराठीत लेणे म्हणजे केवळ कोरीव गुहा असा अर्थ उरला. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयातील एक शब्द मावळातील गुराखी आजही सहज उच्चारतो. तो शब्द त्याला कोणी शिकविला, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

शेलारवाडीच्या दुसऱ्या लेखाकडे वळू. अभ्यासकांच्या वाचनानुसार त्यात ‘चेतियघर’, म्हणजे चैत्यगृह, दान दिल्याचा उल्लेख आहे. दान देणाऱ्या स्त्रियांची नावे बुधा आणि संघा. त्यांचा संबंध घपरा नावाच्या प्रव्रजित स्त्रीशी, म्हणजे भिक्षुणीशी, जोडलेला आहे. आणि ही घपरा थेर भदन्त सिंह यांची शिष्या. कन्यांची नावे बुधा आणि संघा ठेवणारे घर कसे असेल याची कल्पना वाचकांनी करावी. इ. स. १९५६ नंतर आपल्या घराघरांतून गौतम, राहुल, सुजाता, विशाखा ही नावे आली तेव्हा अनेकांनी नाके मुरडली होती. ही रीत या भूमीला नवी नव्हती.

बुधा व संघा यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या या चैत्यगृहात आज स्तूप नाही. त्या जागी शिवलिंग आहे, महाशिवरात्रीला डोंगरावर मोठी यात्रा भरते आणि पायथ्याशी देवीचे मंदिर आहे. संत तुकाराम महाराज देहूहून एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात त्यांत भंडारा व भामचंद्र यांच्यासमवेत या डोंगराचेही नाव परंपरेने घेतले जाते. भंडाऱ्याच्या डोंगरावरही बौद्ध लेणी आहेत. भिक्षूंनी ज्या जागा ध्यानासाठी निवडल्या त्याच पुढे वर्णव्यवस्थेचे चटके सोसलेल्या एका शूद्र कवीला आपल्याशा वाटल्या, याचे आपणास नवल वाटू नये. बाबासाहेबांनी इ. स. १९२० साली ‘मूकनायक’ काढले तेव्हा शीर्षभागी तुकोबांचाच अभंग घेतला होता.

स्तूपाच्या जागी लिंग पाहून उपासकाच्या मनात काय येते हे सांगावयास नको. स्तूप आपोआप नाहीसा होत नाही. अखंड खडकात कोरलेला स्तूप काढावयाचा तर छिन्नी-हातोडा घेऊन काढावा लागतो. हे सत्य झाकण्याचे कारण नाही. मात्र दुसरेही सत्य तितकेच आहे. व्यापारी मार्ग ओस पडले, दाते आटले, भिक्षू गेले, आणि रिकाम्या लेण्यांत आधी गुरे शिरली, मग देव आले. रिकाम्या घरात कोणीतरी राहावयास येतेच. आज त्या गाभाऱ्यात जो पुजारी बसतो त्याने स्तूप फोडलेला नाही, आणि जी बाई बेल वाहते तिच्या पूर्वजांत एखादी सिअगुतनिका असणे मुळीच अशक्य नाही. म्हणून तेथे जाऊन वाद घालणे, घोषणा देणे हे प्रस्तुत लेखकास अप्रस्तुत वाटते. पादत्राणे बाहेर ठेवावीत, शांतपणे आत जावे, छत पाहावे, खोल्या पाहाव्यात, लेख शोधावा, आणि सोबतच्या मुलांना बुधा, संघा, घपरा, सिअगुतनिका ही चार नावे सांगावीत. कोणी विचारलेच तर त्यालाही सांगावीत. बहुतेक वेळा ऐकणारा चकित होतो, भांडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याला कोणी हे सांगितलेलेच नसते.

या डोंगराच्या निवडीमागे आणखी एक कारण आहे. बेगडेवाडीच्या अलीकडचे स्थानक देहूरोड. ब्रह्मदेशात रंगून येथे इ. स. १९५४ च्या डिसेंबरात भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी देहूरोड येथील विहारात ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना आपल्या हस्ते केली. २५ डिसेंबर हीच तारीख इ. स. १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्याची होय. नागपूरची दीक्षा त्यानंतर सुमारे पावणेदोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली. देहूरोडच्या त्या समारंभातील भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे मूळचा बुद्धच, असे प्रतिपादन केले आणि त्यावर लिहिण्याचा मनोदय बोलून दाखविला. तुकोबांच्या देहूजवळ उभे राहून हे बोलण्यात औचित्य होते. तळेगाव दाभाडे येथेही बाबासाहेबांचा बंगला होता. म्हणजे देहूरोड आणि तळेगाव या दोन ठिकाणांच्या मध्ये हा डोंगर उभा आहे. ज्या उपासकांना देहूरोडच्या धम्मभूमीस वंदन करावयाचे असते त्यांनी एका स्थानकापुढे जाऊन दोन तास दिले तर एकाच दिवसात सातवाहनकाळाचा व विसाव्या शतकाचा धम्म एकत्र पाहावयास मिळतो.

आता पुढील लेण्यांविषयी थोडक्यात. मळवली स्थानकावर उतरले की दक्षिणेस भाजे व उत्तरेस कार्ले. भाज्यास २२ लेणी आहेत. चैत्यगृहाचे २७ खांब आतल्या बाजूस कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा भार पेलण्यासाठी खांब तसे कलते ठेवावे लागत, आणि दगडात त्याची गरज नसतानाही कारागिरांनी सवयीने तसेच कोरले. छताच्या कमानींना लावलेले लाकूड आजही पाहावयास मिळते. परंतु भाज्यास सर्वांत अधिक वेळ द्यावयाचा तो चैत्यगृहाच्या बाजूस असलेल्या १४ स्तूपांच्या समूहापाशी. त्यांपैकी काही स्तूपांवर थेरांची नावे आहेत: भदन्त अंपिकिणक, भदन्त धम्मगिरी, भदन्त संघदिन. येथे राहून, येथेच देह ठेवलेल्या भिक्षूंची ही स्मारके होत. सहलीचे लोक त्यांवर बसून डबे उघडतात. आपल्या माणसांकडून तरी तसे होऊ नये. एका टाक्यावर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचे नाव आहे. ‘पोढी’ हा टाक्यासाठीचा जुना शब्द तेथे वाचावयास मिळतो.

तेथील विहाराच्या ओसरीत रथारूढ व गजारूढ अशा दोन शिल्पाकृती आहेत. त्या सूर्य व इंद्र यांच्या आहेत असे एक मत, तर बौद्ध कथांतील मान्धाता राजाच्या कथेशी त्यांचा संबंध आहे असे दुसरे. फलकावर सूर्य-इंद्र लिहिले म्हणून लेणे वैदिक ठरत नाही, आणि ते नाकारले म्हणून आपण अधिक बौद्ध ठरत नाही. दोन्ही मते मुलांना सांगावीत.

बेडसे लेण्यांसाठी कामशेतला उतरून पवना खोऱ्याकडे जावे लागते. चैत्यगृहाचे तोंड पूर्वेला असल्याने तेथे सकाळीच पोहोचावे. उन्हे थेट आत येतात. कार्ले व भाजे पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून ती दुपारनंतर पाहणे चांगले. बेडशाला नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा पुत्र पुसणक याचे दान आहे, तसेच महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका हिचे पाण्याचे टाके आहे. एका स्तूपावर रानात राहणाऱ्या, भिक्षान्नावर जगणाऱ्या गोभूती नावाच्या थेरांचे नाव असून त्यांच्या शिष्याने तो करविला. राजकन्या, व्यापाऱ्याचा मुलगा आणि अरण्यवासी भिक्षू अशी तिघांची नावे त्या एकाकी डोंगरात शेजारी-शेजारी आहेत.

कार्ल्याचे प्राचीन नाव वलुरक. तेथील मुख्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने कोरविले. सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. हे सारे मोठे लोक. पण खांबांजवळ गेले की धेनुकाकटची माणसे भेटतात: सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, यवन सिंहध्वज आणि यवन धर्म, तसेच दाराचे काम करणारा वेणुवासाचा मुलगा सामी सुतार. सोपाऱ्याचे भाणक सातिमित यांचा खांब तर ‘सशरीर’ आहे, म्हणजे त्यात धातू ठेविले होते. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून म्हणणारा भिक्षू. ज्या सोपाऱ्याहून ते आले तेथील स्तूप इ. स. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनित केला. कार्ल्याच्या दारापुढे एकवीरा देवीचे मंदिर आहे व कोळी बांधवांसह अनेकांची ती कुलदेवता आहे. तेथील गर्दीतून वाट काढावी लागते. यात्रेचे दिवस टाळून जावे हे उत्तम.

शेलारवाडीच्या उसभणकाचे आणि कार्ल्याच्या सिंहध्वजाचे धेनुकाकट एकच. पण ते नेमके कोठे होते याविषयी मतभेद आहेत. प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी इ. स. १९५५ मध्ये यावर निबंध लिहून ते कार्ल्याजवळच असावे असे मत मांडले. पाली पंडित धर्मानंद कोसंबींचे हे पुत्र, गणिताचे प्राध्यापक, पुण्याहून मावळात पायी हिंडत. काही अभ्यासकांनी धेनुकाकट आंध्रातील धरणीकोट येथे नेले. परंतु नांगरकऱ्याची पत्नी शेकडो कोसांवरून येऊन बेगडेवाडीच्या डोंगरात लेणे कोरविते, यापेक्षा ती याच खोऱ्यातील रहिवासी होती हे मानणे प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते.

लेख वाचावयाचे कसे, असे उपासक विचारतात. धम्मलिपी, जिला आपण ब्राह्मी म्हणतो, ती शिकणे कठीण नाही. चिकाटीने बसल्यास महिन्याभरात मुळाक्षरे येतात. तोवर एक अक्षर तरी ओळखता यावे. जेम्स प्रिन्सेप यांना इ. स. १८३७ मध्ये या लिपीची किल्ली सापडली ती सांचीच्या कठड्यांवरील लहान-लहान लेखांमुळे. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे व एक अनुस्वार येतो हे त्यांच्या लक्षात आले, आणि दात्यांच्या नावांनंतर येणारा तो शब्द ‘दानं’ असावा असा त्यांनी तर्क केला. ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे ठरली, बाकीची मागोमाग उलगडली. ज्या लिपीत अशोकाचे आदेश आहेत ती आपल्याला पुन्हा वाचता आली ती अनाम वाटाव्यात अशा उपासक-उपासिकांच्या दानशब्दामुळे.

त्यांतील ‘न’ सोपा आहे: खाली एक आडवी, किंचित वाकलेली रेघ आणि तिच्या मध्यावर उभी रेघ. सोबत विजेरी न्यावी आणि तिचा प्रकाश समोरून न टाकता भिंतीला समांतर, बाजूने टाकावा. म्हणजे झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात. अक्षरांवर खडू घासू नये, पाणी किंवा तेल लावू नये, त्याने दगडाचा पापुद्रा सुटतो. कार्ले, भाजे आणि बेडसे ही संरक्षित स्मारके असल्याने तेथे रंगविणे वा कोरणे हा इ. स. १९५८ च्या कायद्यान्वये गुन्हाही आहे, मग लिहिलेले नाव कितीही पूज्य असो. कार्ल्याच्या खांबांवर मुलांना तो ‘न’ शोधावयास लावावे. भाज्याला बाधेच्या दानात तो आहे, आणि बेगडेवाडीच्या डोंगरावर सिअगुतनिकेच्या मुलाच्या, नंदाच्या नावाचा आरंभही त्याच वर्णाने होतो.